खोका क्रमांक एक्केचाळीस

सुबोध बोरामणीकरांच्या घरात आकाशकंदील अकरा होते आणि गॅलरी एक. हे त्यांना श्रावणातल्या एका रविवारी कळलं, आणि तेही स्वतःहून नाही, नळदुरुस्तीवाल्या बसूमुळे.

तो पाण्याचा दिवस होता, म्हणजे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचा. सोलापुरात ज्याच्या टाकीचा वॉल्व्ह नेमका पाण्याच्या दिवशी अडकतो, त्याच्याकडे शेजारी सुतकातल्या माणसाला भेटावं तसे येऊन भेटून जातात. वॉल्व्ह बाथरूमवरच्या माळ्यात होता. बसूनं शिडी लावली, माळ्याचं दार ओढलं, आणि आतून आधी थर्माकोलचा एक खांब आला, मग त्याचा जोडीदार, मग पिसारा नसलेला मोर, मग प्लॅस्टिकच्या हिरवळीची गुंडाळी. बसू हलला नाही. अंगावर पडायचं थांबल्यावर शांतपणे म्हणाला, "सायेब, वॉल्व्ह कुटं हाय ते मागनं बगू. आदी ह्ये कुनाचं दुकान हाय ते सांगा."

सुबोधरावांना हे लागलं. ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक होते. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नव्हता. विद्यार्थी पास होऊन, नोकरीला लागून, लग्न करून परत आला तरी त्याचा दाखला त्यांना मिनिटात सापडे. अशा माणसाच्या माळ्याला दुकान म्हणावं, आणि तेही बसूनं.

माळा रिकामा झाला तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला वाट राहिली नाही. मखरं चार निघाली: एक मंदिराचं, एक कमळाचं, एक किल्ल्याचं, आणि एक नेमकं कशाचं ते दोघा नवरा-बायकोंना आठवेना. दिव्यांच्या माळा सदतीस. कागदी, कापडी, मण्यांची, आरशांची तोरणं. बटण दाबलं की पाणी उडवणारं एक कारंजं, जे दुकानात उडालं होतं.

गुन्हा दोघांचाही होता. सुबोधरावांचे थोरले भाऊ पुण्याला, गणपती त्यांच्याकडे. महालक्ष्म्या सोलापूरला, सुबोधरावांकडे. महालक्ष्म्यांना जेवायला नातलग येत. उत्कर्षाबाईंचं म्हणणं असं की, मागच्या वर्षीची सजावट यंदा लावता येत नाही, कारण तिचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. त्या शाळेत शिक्षिका होत्या, पुरावा काय असतो हे त्यांना ठाऊक होतं. सुबोधरावांचा कमकुवतपणा म्हणजे दिव्यांच्या माळा. दरवर्षी ते जुनी माळ लावून बघत, तिचा अर्धा भाग पेटत नसे, मग ते तिला जोडायला म्हणून नवी आणत, आणि नवीला जुनीची पिन बसत नसे.

त्या संध्याकाळी सुबोधरावांनी कार्यालयीन भाषेत ठराव लिहिला: यंदा सजावटीची एकही नवी वस्तू घरात येणार नाही, आणि असलेली वापरली जाईल किंवा घराबाहेर जाईल. खाली तारीख घातली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद फ्रिजवर लावला. उत्कर्षाबाईंनी सही केली, पण सहीखाली बारीक अक्षरात 'सध्या' असं लिहिलं.

वस्तू घरात आणणं सोपं असतं हे सुबोधरावांना माहीत होतं. बाहेर काढायला परवानगी लागते हे त्यांना दुसऱ्या दिवशी घंटागाडीपाशी समजलं. गाडीवरच्या माणसानं मंदिराचं मखर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ओलं की सुकं. सुबोधराव म्हणाले, सुकं. तो म्हणाला, सुक्यात थर्माकोल घेत नाही, आणि एवढं मोठं तर कशातच घेत नाही. बारीक करून आणा, मग विचारून सांगतो. सुबोधरावांनी मखर जिन्यात नेऊन बारीक केलं. ज्यांनी थर्माकोल कधी मोडलेला नाही त्यांना सांगायला हवं की, तो मोडत नाही, तो पसरतो. पांढरे दाणे तीन मजले उतरून गेले. काही वर चढले. विरोधाला न जुमानता वर चढणारा कचरा सुबोधरावांनी प्रथमच पाहिला.

जिना झाडायला सोनाबाई येत. होटगीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, आसपासच्या तीन इमारती झाडायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत जायच्या. त्यांचे मालक भीमा रेल्वेत गँगमन. त्यांनी झाडू लावला तसे दाणे झाडूला चिकटले, लुगड्याला चिकटले, हाताला चिकटले. त्या सुबोधरावांना रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, ह्ये झाडून जात न्हाय की. ह्ये माज्यासंगं गावाला येतंय." सुबोधराव ओशाळून घरात गेले आणि ओल्या फडक्यानं स्वतः दोन मजले पुसून आले. तिसरा मजला चन्नप्पांचा होता, तो राहिला.

चन्नप्पा हे सोसायटीचे सेक्रेटरी. मूळ अक्कलकोटकडचे, बँकेतून निवृत्त. मराठी बोलता बोलता विचार करायची वेळ आली की कन्नडमध्ये करायचे. ते दाण्यांची तक्रार करायला आले आणि सल्ला देऊन गेले. मंडळाला देऊन टाका म्हणाले. सुबोधराव कोपऱ्यावरच्या मंडळात गेले, तर मंडळाचाच माळा भरलेला होता. त्यांनी उलट सुबोधरावांना एक कमान देऊ केली. मग पहिल्या मजल्यावरच्या अनसूयाबाई आल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मते प्रत्येक घरानं एक वस्तू आणली की एक बाहेर टाकावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. त्या स्वतः असंच करतात का, असं सुबोधरावांनी विचारलं नाही. अनसूयाबाईंना प्रश्न विचारायची पद्धत सोसायटीत नव्हती.

या सगळ्यातून सुबोधरावांना एक कल्पना सुचली. ग्रंथालयात पुस्तकं असतात तशी सोसायटीत सजावट का असू नये? बारा घरांनी आपापली बारा मखरं कशाला घ्यायची? ज्याला जे हवं ते त्यानं न्यावं, वापरावं, परत आणून द्यावं. कुणालाच नवं काही घ्यावं लागणार नाही. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे. घोटाळा संदेशाच्या भाषेत झाला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं: 'सर्व सदस्यांनी आपल्याकडील अनावश्यक सजावट साहित्य श्री. बोरामणीकर यांचेकडे जमा करावे व आवश्यकतेनुसार तेथून घेऊन जावे.' लोकांनी पहिल्या क्रियापदापर्यंत वाचलं.

दोन दिवसांत अकरा घरांचं सामान त्यांच्या हॉलमध्ये आलं. आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर दान केल्याचं समाधान असे. कुणी चहा घेऊन गेलं. चन्नप्पांनी वाढदिवसाची चमकती अक्षरं आणली, त्यांत दोन अक्षरं कमी होती. अनसूयाबाईंनी महालक्ष्म्यांचे आपले जुने फायबरचे मुखवटे आणले, कारण त्यांनी नवे घेतले होते. घेऊन जायला कुणी आलं नाही. सुबोधरावांनी प्रत्येकाला आग्रह केला, पण प्रत्येकाचं उत्तर एकच होतं: छे, आत्ताच तर घर मोकळं केलंय.

तरी सुबोधराव खचले नाहीत. त्यांनी दोनशे पानी नोंदवही आणली, ती सजावटीत मोडत नाही याची उत्कर्षाबाईंकडून खात्री करून घेतली, आणि प्रत्येक खोक्याला क्रमांक दिला. क्रमांकाच्या चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवल्या. सगळी सामग्री रांगेत लावताना उत्कर्षाबाईंचं कपाट सरकवावं लागलं, तेव्हा त्यावर ठेवलेला एक खोका खाली आला. त्यात घरच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे होते. सुबोधरावांच्या आईंनी ते नातेपुत्याहून आणले होते आणि जायच्या आधीच्या वर्षी सुनेच्या हातात दिले होते. दागिने दोन्ही सुनांना वाटून दिले, मुखवटे मात्र एकटीला. उत्कर्षाबाईंनी बजावून सांगितलं की, या खोक्याला कुणी हात लावायचा नाही. हरवू नये म्हणून सुबोधरावांनी त्यालाही क्रमांक दिला. नोंदवहीत लिहिलं: 'क्र. १२. मुखवटे, पितळी, खासगी, देऊ नये.' अनसूयाबाईंचे मुखवटे क्रमांक एक्केचाळीस झाले.

उत्कर्षाबाई या काळात फार काही बोलल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायच्या तेव्हा पदर सावरून, आडव्या होऊन यायच्या, आणि तेवढ्यानं सुबोधरावांना सगळं ऐकू यायचं.

मग महापालिकेच्या झोन ऑफिसमधून आरोग्य निरीक्षक आले. नाव अनिलकुमार, बारीक अंगाचे, अत्यंत सभ्य. गॅलरीतला थर्माकोल रस्त्यावरून दिसत होता, त्याची वर्दी घंटागाडीवाल्यानं दिली होती. त्यांनी बूट बाहेर काढले, पाणी घेतलं आणि विचारलं, हा माल किती आहे याची काही नोंद आहे का? एकतीस वर्षांत सुबोधरावांना एवढा सुखाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी नोंदवही पुढे केली. अनिलकुमारांनी ती पहिल्या पानापासून वाचली. थर्माकोलची मखरं एकोणीस, खांब अठ्ठावीस, कमानी सहा, प्रत्येकापुढे कुणाकडून आलं, कोणत्या तारखेला आलं, स्थिती कशी.

"साहेब," ते म्हणाले, "एवढी व्यवस्थित नोंद मी गोडाऊनवाल्यांकडेपण बघितली नाही."

सुबोधराव संकोचले. अनिलकुमारांनी त्याच नोंदवहीवरून नोटिशीचा मजकूर लिहून घेतला. थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, राहत्या घरात साठा करता येत नाही, तीन दिवसांत तो ऑफिसात जमा करून पावती घ्यावी. हा व्यवसाय नाही, हे पटवण्यासाठी सुबोधरावांनी त्याच दुपारी चार पानी खुलासा लिहिला. त्यात ग्रंथालयाची उपमा होती, पर्यावरण होतं, नागरिकाचं कर्तव्य होतं. अनिलकुमारांनी तो घेतला, पाठीमागं कोरी जागा होती तिथं एका ओळीत 'माझा व्यवसाय नाही' असं लिहून सही करायला सांगितली, आणि ती बाजू वर ठेवून फायलीला लावला. आपल्या चार पानांवर पालथी पडायची वेळ आली याचं सुबोधरावांना नोटिशीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

थर्माकोल वेगळा काढायला चन्नप्पा आणि अनसूयाबाई मदतीला आले. मदत म्हणजे त्यांनी सगळ्या खोक्यांची झाकणं एकदम काढली. कुठल्या खोक्यात काय आहे ते सोफ्यावर बसून दोघांनी सांगितलं, त्यावर थोडा वाद केला, आणि थर्माकोल नेणारा टेम्पो निघून गेल्यावर झाकणं परत बसवली. झाकणं नीट बसली. आपापल्या खोक्यांवर मात्र बसली नाहीत.

महालक्ष्म्या यायला चार दिवस होते तेव्हा सोनाबाई दारात आल्या. आत न येता, झाडू बाहेर भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या. सासूबाईंच्या वेळची लक्ष्मी दिरांच्या वाटणीत गेली, तेव्हापासून त्यांच्याकडे बसत नव्हती. यंदा मालक बसवू म्हणत होते. तुमच्यात कायतरी जुनं-पुरानं असलं तर चार दिवस द्या, मी आणून देते, असं त्या म्हणाल्या. संग्रहाची पहिली वाचक, असं सुबोधरावांच्या मनात आलं आणि त्यांनी ते मनातच दुरुस्त केलं. नोंदवही उघडली, एक्केचाळीस क्रमांकाचं झाकण असलेला खोका शोधला, वरचं जुनं सुती पातळ चाचपून आत दोन तोंडं आहेत याची खात्री केली. उघडून पाहिलं नाही. देवीला वेळेआधी उघडं करणं त्यांना बरं वाटेना. खोका जरा जड लागला. अनसूयाबाईंची वस्तू आहे, जडच असणार, असं त्यांना वाटलं. सोनाबाईंनी वहीत सही केली. सुबोधरावांनी त्यांना नेलेल्या वस्तू वेळेत परत करण्याच्या महत्त्वाविषयी थोडक्यात सांगितलं, आणि त्या संपूर्ण ऐकून घेऊन पॅसेंजरला गेल्या.

आवाहनाच्या दिवशी दुपारी उत्कर्षाबाईंनी हॉलच्या कोपऱ्यात अडीच हात जागा करून घेतली. मुखवटे बसवायच्या कोठ्या मांडल्या, साड्यांच्या निऱ्या केल्या. दारापासून पावलं काढली. ती खोक्यांना वळसा घालून आल्यामुळे देवी वाट चुकल्यासारखी दिसत होती. मग बारा क्रमांकाचा खोका उघडला. आतून फायबरचे दोन चेहरे वर आले. एकीच्या नाकाचा टवका उडालेला होता.

उत्कर्षाबाई मटकन खाली बसल्या. सुबोधरावांनी एकेक करून सगळी झाकणं उघडली. दुसऱ्यांदा उघडली. मग नोंदवही उघडली, आणि एक्केचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं ते तिथंच राहिलं.

"कुणाला दिलंत?" उत्कर्षाबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. उत्कर्षाबाई उठल्या, चप्पल घातली आणि स्कूटरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सुबोधरावांनी नोंदवही पिशवीत घेतली. सोलापूर ते होटगी वाटेत सुबोधराव मनात खुलासा लिहीत होते. पहिलं वाक्यच जमत नव्हतं, कारण त्यात कर्ता कोण हे ठरवता येत नव्हतं.

सोनाबाईंचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला, दोन खोल्यांचं, पुढं सारवलेलं अंगण. अंगणातून आत हळदी-कुंकवाची पावलं सरळ रेषेत गेली होती. आतल्या खोलीत, भिंतीला लागून, धान्याच्या दोन डब्यांवर दोघी उभ्या होत्या. एकीला हिरवं लुगडं, एकीला लाल. चिंचेनं घासलेले चेहरे लखलखत होते. डोळ्यांत नवं काजळ होतं. मागं काही नव्हतं, वर काही नव्हतं, बाजूला बाजरीची चार कणसं आणि एक समई.

सोनाबाई हरखून पुढं आल्या. "या ताई, या. सायबांनी लई चांगली लक्षुमी दिली बगा. मी ह्यास्नी म्हनलं, पितळंची कोन देतंय का आजकाल. माजी सासू असती तर रडली असती."

भीमा मागं उभे होते. अंघोळ करून, टोपी घालून, दिवसभराची रजा काढलेल्या माणसासारखे. त्यांनी बसायला चटई टाकली. उत्कर्षाबाई बसल्या नाहीत. त्या मुखवट्यांकडे पाहत होत्या. सुबोधरावांना वाटलं आता आपण बोलायला हवं. त्यांनी नोंदवही काढली, बारा आणि एक्केचाळीस या दोन्ही ओळी दाखवल्या, मुखवटे आपल्या आईंचे आहेत हे सांगितलं, झाकणांची अदलाबदल समजावून सांगितली. बोलता बोलता सोनाबाईंचा चेहरा उतरत गेला तसा त्यांचा आवाजही उतरत गेला. शेवटी उत्कर्षाबाई म्हणाल्या, "वही मिटा आता."

मग सोनाबाई म्हणाल्या, "न्हेत असला तर न्या ताई. तुमच्या सासूच्या हायत. माजी काय चूक न्हाय, पन तुमचीबी न्हाय." आणि हात मुखवट्यांकडे नेता नेता त्यांनी मागं घेतला. भीमा हळूच म्हणाले, "बसल्यात की त्या. आता उठवायच्या कशा?"

हे उत्कर्षाबाईंनाही कळत होतं. एकदा आवाहन झालं की तिसऱ्या दिवशी विसर्जन होईपर्यंत हलवायचं नाही, हे त्यांना सासूबाईंनीच शिकवलेलं होतं. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, पुढं होऊन दोघींना कुंकू लावलं, हिरव्या लुगड्याची एक निरी जराशी सरळ केली. मग सोनाबाईंना विचारलं की, उद्याच्या पुरणाला डाळ किती घातली आहे. सोनाबाईंनी सांगितलं. उत्कर्षाबाई म्हणाल्या की, आमची माणसं धरून तीनपट घालावी लागेल, डाळ मी घेऊन येते.

दुसऱ्या दिवशी बोरामणीकरांचे नातलग सोलापूरऐवजी होटगीला जेवायला गेले. फोनवर हे समजावताना सुबोधरावांना प्रत्येकाला झाकणांची हकिकत सांगावी लागली. निम्म्यांनी ती समजून घेतली, निम्म्यांना फक्त पत्ता हवा होता. सोळा भाज्या डब्यांत भरून गेल्या. अनसूयाबाई रिक्षा करून आल्या. त्यांच्या मुखवट्यांचा असा अपमान कसा झाला हे त्यांना जागेवर बघायचं होतं; पण आल्या आल्या पुरण वाटायला बसल्या आणि सगळ्या बायकांना वाटायचं कसं ते शिकवलं. चन्नप्पा आले, अंगणातल्या एका म्हाताऱ्याशी कन्नड सुरू केलं, आणि जेवण वाढेपर्यंत ते दोघं एकमेकांचे नातेवाईक निघाले.

सुबोधरावांची तिथं वेगळीच कीर्ती झाली होती. सोनाबाईंना देवी देणारे साहेब ते हेच, असं म्हणून लोक येऊन बघून जात. एका आजोबांनी शेजारी बसून अदबीनं विचारलं की, तुमच्यात मारुती हाय का? सुबोधराव म्हणाले, नाही. आजोबांनी विचार करून विचारलं, घंटा? घंटा नव्हती, पण दिव्यांच्या माळा होत्या. आजोबांनी बाजूच्या शाळेच्या गुरुजींना हाक मारली. गुरुजींना स्नेहसंमेलनासाठी पडदे हवे होते, तोरणं हवी होती, आणि पिसारा नसलेला मोरही चालणार होता, कारण पिसारा मुलं करणार होती. चमकती अक्षरं दोन कमी आहेत हे ऐकूनही गुरुजी डगमगले नाहीत. म्हणाले, शुद्धलेखनाला घेतो. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि अर्धा हॉल मोकळा झाला. उरलेला अर्धा अजून आहे. कारंजं गुरुजींनीही घेतलं नाही.

महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी विसर्जनाला नवरा-बायको दोघंच गेली. ऊन उतरायला लागलं होतं. भीमांची संध्याकाळची पाळी होती, ते डबा भरून दारातच बसले होते. महालक्ष्म्यांचे दोरे घेऊन झाले, आरती झाली. मग उत्कर्षाबाई आणि सोनाबाईंच्या हातात अक्षता आल्या आणि दोघीही थांबल्या. आता अक्षता टाकून देवीला पुढच्या वर्षी यायचं निमंत्रण द्यायचं असतं. कुठं या म्हणायचं ते कळेना. सोनाबाईंनी उत्कर्षाबाईंकडे पाहिलं. उत्कर्षाबाईंनी मुखवट्यांकडे. भीमांनी का कोण जाणे, सुबोधरावांकडे पाहिलं, आणि सुबोधरावांचा हात सवयीनं पिशवीकडे गेला; वही त्यांनी घरी ठेवली होती.

"तुमच्या घरी या म्हना ताई," सोनाबाई म्हणाल्या. "तुमच्याच हायत."

"नको," उत्कर्षाबाई म्हणाल्या. "इकडंच या म्हणा. आम्ही येतो की."

सोनाबाईंनी ते मोठ्यानं म्हटलं नाही. ओठ हलले, हात हलला, आणि अक्षता दोघींच्या मिळून एकदम पडल्या. मग देवींना हळूच जागचं हलवलं. मुखवटे उतरवले, फडक्यानं पुसले, उत्कर्षाबाईंनी ते एकेक करून जुन्या पातळात गुंडाळले आणि सोनाबाईंच्या हातात दिले. सोनाबाईंनी लोखंडी पेटी उघडली. आत दोन चांगली लुगडी होती, त्यांच्या मधे ते ठेवले. पेटीत आणखी बरीच जागा शिल्लक होती. सुबोधराव त्या रिकाम्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिले.

निघताना सोनाबाईंनी उत्कर्षाबाईंची ओटी भरली. भीमा स्टेशनच्या वळणापर्यंत त्यांच्याबरोबर चालत आले आणि रुळांकडे वळले. सुबोधरावांनी स्कूटर सुरू केली. पायाशी पिशवी नव्हती, मागं खोका नव्हता, उत्कर्षाबाईंच्या मांडीवर ओटीचा खण, नारळ आणि मूठभर तांदूळ एवढंच होतं. गावाबाहेर आल्यावर सुबोधरावांनी विचारलं की, आईंना आवडलं असतं का हे?

कुंभारीच्या फाट्याच्या दिशेनं एक एसटी गेली, उत्कर्षाबाईंनी तिची धूळ बसू दिली.

"पहिल्यांदा रागावल्या असत्या," त्या म्हणाल्या. "मग डाळ किती घातली विचारलं असतं."